गठाण जाते, बनियन येते

पुरवठा साखळी बळकट करा, नवोन्मेषाला चालना द्या, कच्च्या मालाचं मूल्यवर्धन इथल्या इथे करा, असा उपदेश अमरावती-अकोल्याला दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी करून जातं. पाहुणा सकाळी अंबा एक्स्प्रेसने उतरतो, दिवसभर सभागृहाच्या पडद्यावर बाणांच्या आकृत्या दाखवतो, मधल्या वेळेत गिला वडा खाऊन त्याची तारीफ करतो आणि संध्याकाळी त्याच अंबा एक्स्प्रेसने मुंबईला परततो. श्रोते टाळ्या वाजवतात, कारण वऱ्हाडी माणूस पाहुण्याचं मन मोडत नाही. पण मनातून प्रत्येकाला ठाऊक असतं की शिकवणी लावायचीच तर ती पाहुण्याने आपल्याकडे लावायला हवी. आपली साखळी पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ अखंड चालू आहे. निजाम गेला, इंग्रज गेला, मध्यप्रांत गेला, मुंबई राज्य गेलं, तिची एक कडी ढिली झाली नाही.

तिचं तत्त्व साधं आहे. वावरात जे पिकेल त्याला आपण हात लावायचा नाही. वेचायचं, बांधायचं, लावून द्यायचं. पुढचं सूत, पुढचं कापड, पुढचा सदरा ज्याचा त्याने बघावा. दुसऱ्याच्या धंद्यात लुडबूड करणं आपल्या संस्कारात बसत नाही.

या तत्त्वातलं औदार्य समजायला थोडा हिशेब मांडावा लागतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, म्हणजे किलोला ८१. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकीची सरकी. थोडक्यात, किलोभर कापसात एका सदऱ्यापुरती रुई निघून चिमूटभर उरते. हा ८१ रुपयांचा सदरा आपण खुशीने देऊन टाकतो आणि तोच शिवून आला की आठशेला विकत आणतो. मधले सातशे एकोणीस रुपये कोइम्बतूरची सूतगिरणी, इचलकरंजीचा माग, कुठल्यातरी शहरातला शिवणारा, ट्रकवाला, दलाल आणि जाहिरातीतला तो गालावर खळी पडणारा तरुण यांच्यात वाटले जातात. इतक्या लोकांची चूल पेटती ठेवायची आणि वर त्यांच्याकडून आभारही मागायचे नाहीत, ही परोपकाराची परिसीमा आहे. कर्णाने कवचकुंडलं एकदाच दिली होती, आपण दर हंगामाला देतो.

हा शहाणपणा कुणी शिकवलेला नाही, तो उपजत आहे. १८४२ साली अमरावतीच्या एकट्या व्यापाऱ्याने एक लाख बैलओझी कापूस रस्त्याने कलकत्त्याकडे रवाना केला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये सापडते. एक लाख बैलओझी! त्या तांड्याचं तोंड सातपुडा ओलांडायला लागलं असेल तेव्हा शेपूट बहुधा अमरावतीच्या वेशीवरच खोळंबलं असेल. त्या बैलांच्या वर्षभराच्या वैरणीच्या पैशात गावात चार-दोनशे माग बसले असते, हा क्षुद्र विचार त्या थोर माणसाच्या मनाला शिवला नाही. म्हणून तर त्याचं नाव नाही तरी त्याच्या ओझ्यांचा आकडा इतिहासात राहिला.

पुढे १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१ ला तिकडे अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि जगाला वऱ्हाडाची आठवण झाली. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीचा माल ‘ऊमरा’ या नावाने बोलला जाऊ लागला. म्हणजे ब्रँडिंग म्हणून जे काही असतं तेही आपण दीडशे वर्षांपूर्वी उरकून बसलो आहोत. ब्रँड आपला, बाजार त्यांचा, नफा त्यांचा. कामाची वाटणी इतकी स्वच्छ असली की भांडणं होत नाहीत.

या कामात ज्याचं ऋण आपण पुरेसं मानत नाही तो माणूस म्हणजे हॅरी रिव्हेट-कारनॅक, मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त. १८६० च्या दशकात त्याने सरकारला जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा: या मुलखात रेल्वेचा फाटा आला की विलायती कापड इथे स्वस्त पडेल, देशी कापड मागे हटेल, आज घरोघरी सुतात खर्ची पडणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि सूतकताईत अडकलेली माणसंही शेतमजुरीला मोकळी होतील. एका फाट्यात चार मोकळीका. आजकाल अशा आराखड्याला सल्लागार कंपन्या कोट्यवधी रुपये घेतात, या गृहस्थाने तो पगारात करून दिला. आणि त्याची अंमलबजावणीही झाली, जी आजच्या आराखड्यांची होत नाही. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला येऊन रेल्वेचा फाटा आणि कापसाचा बाजार उघडून गेला. कोष्ट्यांचे माग थंडावले, कोष्टी दुसऱ्याच्या वावरात निंदणाला लागले. त्यातले किती जण १८९९-१९०० च्या दुष्काळातून पार झाले, ही चौकशी कापूस आयुक्तांच्या कक्षेत येत नव्हती.

खामगावचा फाटा मोठ्या गाडीचा होता. आतल्या मुलखातला कापूस मोठ्या गाडीपर्यंत आणायला लहान गाडी हवी, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने अचलपूर, मूर्तिजापूर आणि यवतमाळ जोडणारा १८९ किलोमीटरचा अरुंद मार्ग टाकला. तीच आपली शकुंतला. ती कापूस घेऊन मूर्तिजापूरला यायची, तिथून तो मुंबईला आणि मुंबईहून मँचेस्टरला जायचा. मँचेस्टरनेही उपकार ठेवले नाहीत, १९२१ साली बनवलेलं वाफेचं इंजिन शकुंतलेला पाठवलं आणि ते १९९४ पर्यंत धावलं. धावलं म्हणजे काय, तर गार्ड खाली उतरून स्वतःच फाटक लावायचा, गाडी पुढे काढायचा, फाटक उघडायचा आणि पुन्हा गाडीत चढायचा. एवढ्या वेळात प्रवासी धुऱ्यावरच्या बोरी हलवून येत. देशातल्या रेल्वे कंपन्या सरकारने आपल्याकडे घेतल्या तेव्हा ही एक राहून गेली, आणि स्वतंत्र भारताची रेल्वे आपल्याच देशातल्या रुळांवरून आपलीच गाडी चालवायला खासगी कंपनीशी करार करत राहिली. आता ती गाडी काही वर्षांपासून बंद आहे. रुंदीकरणाची घोषणा अधूनमधून होते. घोषणेचा वेग मात्र शकुंतलेपेक्षा जास्त आहे, हे मान्य केलं पाहिजे.

मध्यंतरी काही लोकांचं चित्त ढळलं, हेही प्रांजळपणे सांगायला हवं. अकोल्यात सावतराम मिल निघाली, बडनेऱ्यात विजय मिल, अचलपुरात विदर्भ मिल. भोंगे वाजू लागले, माणसं पाळ्यांना जाऊ लागली, कापूस जिथे पिकतो तिथेच त्याचं सूत होऊ लागलं. साखळीच्या दृष्टीने हा सरळ सरळ अधर्म होता. सुदैवाने सगळ्या एकेक करून बंद पडल्या. त्यानंतरही मोह सुटला नाही, म्हणून राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईच्या फिनले मिलचं नाव उचलून अचलपूरला आणलं आणि तिथे नवी कोरी गिरणी उभी केली. कापूस गिरणीकडे जायचा तो उलट गिरणीच कापसाकडे आली! मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, गिरणी बंद झाली. देशाची टाळेबंदी उठली, पण फिनले मिल अजून पाळते आहे. साथीचे नियम इतक्या निष्ठेने पाळणारी दुसरी आस्थापना महाराष्ट्रात नसेल.

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत गिरण्या चालतात, असं कुणी निदर्शनास आणून देईल. चालतात, पण तिथेही तत्त्वाला फारसा धक्का लागलेला नाही. रेमंडने २०१७ साली तिथे मोठा कारखाना काढला तो लिननचा. लिनन होतं जवसाच्या खोडातल्या तंतूपासून, आणि तसा तंतू मुख्यतः युरोपातून येतो. कापसाच्या ऐन मुलखात, भोवती पऱ्हाटी उभी असताना, समुद्रापलीकडच्या जवसाचं कापड विणायचं, याला मनाचा मोठेपणा लागतो. जवस आपल्याकडेही पिकतो, पण तो चटणीचा. त्याच नागपूर रस्त्यावर बिझीलँड, सिटीलँड अशा ठोक कापड बाजारांच्या ओळी आहेत, तिथे सुरतेच्या साड्या आणि तिरुपूरच्या बनियनी गठ्ठ्यांनी उतरतात. एका बाजूने गठाणींचा ट्रक बाहेर पडतो आणि दुसऱ्या बाजूने बनियनींचा आत शिरतो. दोघे टोलनाक्यावर समोरासमोर आले तर हॉर्न वाजवून ओळख देतात. साखळी म्हणजे आणखी काय असते?

आता सरकारने काय केलं ते. सरकारला वाटलं की साखळी एवढी सुरळीत चालली आहे तर तिच्यात आपणही असावं. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. कापूस पिकवायचा तुम्ही, विकायचा फक्त सरकारला, राज्याबाहेर न्यायचा नाही आणि चुकाऱ्याची वाट पाहायची. पणन महासंघाच्या केंद्रावर ग्रेडर देव झाला, रांगा लागल्या, बैलगाड्यांखाली संसार थाटले गेले. योजनेचं टीकाकारांनी फार वाईट चित्र रंगवलं आहे, पण नवोन्मेषाला खरी चालना मिळाली ती याच काळात. रातोरात नाकी चुकवून मध्य प्रदेशात नाहीतर आंध्रात कापूस कसा न्यावा, पावती एकाच्या नावावर आणि माल दुसऱ्याचा कसा घालावा, ‘नाकारणी’त निघालेला माल दुसऱ्या केंद्रावर ‘एच-४’ म्हणून कसा खपवावा, याचं जे संशोधन त्या तीस वर्षांत सीमेवरच्या गावांत झालं, त्याला तोड नाही. एकही शोधनिबंध छापला नाही, सगळं ज्ञान मौखिक परंपरेने पुढे गेलं.

योजना गेली, पण केंद्रं राहिली आणि ग्रेडरच्या हाती आता यंत्र आलं. हमीभावाच्या खरेदीला कापसात ८ ते १२ टक्के ओलावा चालतो. २०२५-२६ च्या हंगामापासून त्याआधी मोबाइलवर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी हवी, सातबारावर पीकपेरा हवा, आधार हवं, मग दिवस मिळतो. सकाळी साडेनऊला अशाच एका केंद्रावर पाहावं. रात्री दोनला गावातून निघालेला पिकअप फाटकाशी उभा आहे, ताडपत्रीवर दव, शेतकऱ्याच्या कानाला मफलर. ग्रेडर मालाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस काढतो, बोटांनी धागा ओढून पाहतो आणि यंत्राची कांडी खुपसतो.

“काका, पंधरा दाखवतंय.”

“साहेब, पहाटचं दव हाय. ऊन चढलं का उतरते.”

“मग ऊन चढल्यावर या.”

“नंबर जाईन न साहेब.”

“नंबर जाईल, पण कापूस वाळेल ना.”

हे उत्तर शास्त्रीय आहे, त्यात खोट काढता येत नाही. शेतकरी गाडी बाजूला घेतो, ताडपत्री पसरतो आणि कापूस उन्हाला घालून शेजारी बसतो. फाटकाबाहेर चहाच्या टपरीपाशी एक पांढरा सदरा केव्हाचा उभा असतो. तो आपणहून चौकशी करतो: “काहून वाट पायता काका? आपल्या इथं मशीनची भानगड नाही. हाताले समजते.” त्याच्या हाताला ओलावा पंधराच्या जागी बाराच लागतो, पण भावही त्याच प्रमाणात हलका लागतो. चुकारा मात्र तिथल्या तिथे, रोख. पिकअपचं भाडं तासावर चढत असतं, त्यामुळे हाताचं शास्त्र यंत्राच्या शास्त्रावर मात करतं. संध्याकाळी तोच कापूस, तीच ओल घेऊन, कुठल्या तरी सातबाऱ्याच्या आधाराने कुठे जातो, हे विचारणं असभ्यपणाचं.

आणि या सगळ्यात केंद्र सरकारने वेळ साधली ती दाद देण्याजोगी. वऱ्हाडात दसऱ्याच्या आगेमागे सीतादही करून पहिला वेचा निघतो. २०२५ साली त्याच्या आधीच, १९ ऑगस्टपासून, आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क माफ झालं. आधी ही माफी ३० सप्टेंबरपर्यंत होती. एवढ्यात सगळ्यांची सोय होणार नाही हे लक्षात आल्यावर ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आपला कापूस बाजारात यायच्या वेळेला परदेशी कापूस त्याच्या स्वागताला हजर. पूर्वी वऱ्हाडचा कापूस परदेशी जायचा, आता परदेशी कापूस आपल्याकडे येतो. साखळी दोन्ही बाजूंनी बळकट व्हायला हवी, असं परिषदांमध्ये सांगतातच.

२००६ सालचं पॅकेजही याच माळेतलं. शेतकरी आत्महत्या थांबत नाहीत म्हणून तेव्हाचे पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि अमरावती-अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपये जाहीर झाले. त्यात जोडधंदा म्हणून संकरित दुभत्या गायीही होत्या. जिथे माणसाला प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते तिथे दिवसाला घागरींनी पाणी पिणारी, ढेपेशिवाय दूध न देणारी गाय नेऊन बांधायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या प्रतिभेला सीमा नसावी. सरकी आपली, सरकीची ढेप तेल काढून बाजारात, आणि ती विकत घेऊन गायीला घालायची. पुढे गायी बाजारात गेल्या. माल टिकवून ठेवायचा नाही, पुढे लावून द्यायचा, हे तत्त्व इथेही सुटलं नाही.

बियाण्याची गोष्ट मला सर्वांत लोभस वाटते. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात आहे. राज्याचं बियाणे महामंडळ, महाबीज, १९७६ पासून अकोल्यातच आहे. संशोधन करणारा आणि बियाणं विकणारा एकाच शहरात, एका ऑटोच्या भाड्याच्या अंतरावर. एवढं असूनही अकोल्यात मे २०२४ मध्ये कपाशीच्या एका खासगी वाणाच्या पाकिटासाठी भर उन्हात रांगा लागल्या. ऊन इतकं होतं की उष्णतेपायी जिल्ह्यात १४४ कलम लावावं लागलं, तरी रांगा होत्या. या रांगांना काही लोक टंचाई म्हणतात. मी त्यांना श्रद्धा म्हणतो. पंढरपूरला पाच तास उभं राहणाऱ्याला कुणी विचारतं का, की घरच्या देव्हाऱ्यातला विठोबा काय वाईट होता?

विद्यापीठाच्या हातूनही एकदा आगळीक घडली आहे. त्यांनी ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ नावाचं यंत्र तयार केलं. एका खोलीत मावणारं, बचत गटाच्या बाया चालवू शकतील असं. गावातली तूर गावातच भरडली जाते, डाळ गावातच तयार होते, चुनी गावातल्याच जनावराच्या पुढ्यात पडते. यंत्र खेडोपाडी पसरलं, माणसं त्यावर चार पैसे मिळवू लागली. ना परिषद, ना कोनशिला, ना बाणांची आकृती. नवोन्मेष असा गुपचूप घडू लागला तर उद्या परिषदांना विषय उरणार नाही, म्हणून या यंत्राचा उल्लेख सभांमध्ये फारसा होत नाही ते योग्यच आहे.

वरुड-मोर्शीकडे वळलं की कापसाच्या जागी संत्रा येतो, तत्त्व तेच. सगळ्यात जास्त संत्रा अमरावती जिल्ह्यात, पण जगात तो ‘नागपुरी’ म्हणून ओळखला जातो, आणि २०१४ साली भौगोलिक मानांकनही त्याच नावाने मिळालं. नावही लावून द्यायचं, ही पुढची पायरी. हा संत्रा खाणारा मोठा ग्राहक म्हणजे बांगलादेश. एकाच ग्राहकावर विसंबू नये असं व्यवस्थापनाची पुस्तकं सांगतात, पण वऱ्हाडी माणूस नातं जोडलं की निभावतो. बांगलादेशाने आयात शुल्क २०१९ साली किलोला २० रुपये होतं ते वाढवत वाढवत २०२३ पर्यंत ८८ वर नेलं. आपण रस काढायचा का, पल्प करायचा का, दुसरा देश शोधायचा का, अशा भानगडीत पडलो नाही. राज्य सरकारने त्या शुल्काचा निम्मा भार अनुदान म्हणून उचलायचं ठरवलं. म्हणजे ढाक्याची तिजोरी भरायला मुंबईच्या तिजोरीतून हातभार. शेजारधर्म याहून वेगळा नसतो. तिकडे मोर्शीच्या झाडाखाली फळगळीचा सडा पडतो आणि इकडे अमरावतीच्या दुकानात परप्रांतातून आलेल्या खोक्यातला संत्र्याचा रस विकला जातो. त्याच्यावर संत्र्याचं चित्र मात्र सुरेख असतं.

रस्त्यांच्या बाबतीत आपण जगाला मागे टाकलं, हे शाळेच्या पुस्तकात यायला हवं. अमरावती-अकोला महामार्गाचं काम वर्षानुवर्षं रखडलं होतं. गाडीचे खिळे ढिले व्हायचे, पेशंट अकोल्याला पोचायच्या आत बरा व्हायचा नाहीतर गप्प व्हायचा. मग ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत लोणी ते माना या पट्ट्यात, एकपदरी मोजमापाने ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता. यातून कामाची एक पद्धत सिद्ध होते. जे काम पाच दिवसांत होण्यासारखं आहे ते लगेच पाच दिवसांत उरकायचं नाही. आधी त्याला दहा-बारा वर्षं मुरू द्यायचं, म्हणजे विक्रमाला रंग चढतो. आता नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. गठाणीला जिल्हा सोडायला पूर्वी जो वेळ लागायचा तो वाचला.

विमानाचंही जमलं. अमरावतीजवळ बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं पहिलं प्रवासी विमान उडालं. अंबा एक्स्प्रेसने येणाऱ्या पाहुण्याची केवढी सोय झाली, आता उपदेश त्याच दिवशी आटोपता येईल. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढवायची आहे, त्यासाठी शेजारच्या कृषी विद्यापीठाची जमीन आहेच. कापसाच्या संशोधनाची जमीन धावपट्टीला जाणं हाही साखळीचाच भाग समजायचा.

आणि सर्वांवर कळस म्हणजे पीएम मित्र पार्क. देशभरात सात, खर्च ४,४४५ कोटी, त्यातलं एक अमरावतीच्या नांदगाव पेठला, हजाराहून जास्त एकरांवर. याचं ब्रीद पाच ‘फ’चं आहे: फार्म, फायबर, फॅक्टरी, फॅशन, फॉरेन. वऱ्हाडाचा अभिमान वाटतो तो इथे. यातला पहिला ‘फ’ आणि शेवटचा ‘फ’ आपण लिव्हरपूलच्या काळातच पार पाडले आहेत. दुसराही जिनिंगवाल्यांनी कधीच केला. म्हणजे पाचांपैकी तीन आपल्या खात्यावर जमा, राहिले फक्त फॅक्टरी आणि फॅशन. एवढ्या किरकोळ बाकीसाठी हजार एकर जरा जास्तच झाले, पण सरकारने दिले तर नाही कशाला म्हणा. पार्कची कोनशिला २० सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते बसली, ती वर्ध्याच्या कार्यक्रमात. अमरावतीची कोनशिलासुद्धा अमरावतीत न बसवता जिल्ह्याबाहेर बसवण्याची ही सूचना कुणाची होती ते कळलं तर त्याचा जाहीर सत्कार व्हायला हवा. त्याला आपली परंपरा समजली आहे.

एवढं सगळं असूनही साखळी आणखी बळकट करायचीच असेल, तर माझ्यापाशी एक नाव आहे, म्हणजे नाव नाही, माणूस आहे. तणनाशक सहन करणाऱ्या, मान्यता नसलेल्या कपाशीचं बियाणं, ज्याला आपण चोरबीटी म्हणतो, ते दर वर्षी मृगाच्या आधी गावोगावी पोचतं. कृषी विभाग धाडी घालतो, भरारी पथकं फिरतात, गोदामं सील होतात, पेपरात फोटो येतात. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर गावात शेतकरी संघटनेच्या लोकांनी तर ते दिवसाढवळ्या, वाजतगाजत पेरून दाखवलं. बियाणं ना महाबीजच्या दुकानात, ना कुठल्या अ‍ॅपवर. पावती नाही, हमी नाही, रांग नाही. तरी दोन-तीन राज्यांच्या हद्दी ओलांडून, नेमक्या पाकिटांनी, नेमक्या गावात, पाऊस पडायच्या आत ते हजर. उशीर झाल्याची तक्रार ऐकली नाही. संत्रा बांगलादेशच्या सीमेवर सडतो, हमीभावाचा कापूस केंद्राच्या फाटकावर वाळतो, अनुदान खात्यावर यायला सणवार उलटतात, आणि या माणसाचं पाकीट मात्र मोटरसायकलच्या डिकीतून वेळेवर उतरतं. उधारीवरही देतो म्हणे, आणि वसूलही करतो.

तेव्हा माझी नम्र सूचना अशी की वस्त्रोद्योग पार्क, संत्र्याची निर्यात, हमीभावाची खरेदी आणि शिवणीची धावपट्टी, हे सगळं एकत्र करून या गृहस्थाकडे सोपवावं. ई-निविदेत तो बसणार नाही, कारण त्याच्याकडे जीएसटी नंबर नाही, तीन वर्षांची उलाढाल कागदावर नाही आणि पत्रव्यवहाराचा पत्ताही नाही. पण त्याला गाठणं अवघड नाही. रोहिणीच्या शेवटच्या आठवड्यात अकोट नाहीतर दर्यापूर तालुक्यातल्या कोणत्याही कृषी केंद्राबाहेरच्या पानटपरीवर निरोप ठेवावा, संध्याकाळपर्यंत त्याचाच फोन येईल.